रिकाम्या गॅस फील्डमध्ये भरलेला कार्बन डायऑक्साइड सिस्मिकने दिसतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई पालघर जिल्ह्यातल्या, मच्छीमार कुटुंबातल्या, शाळेत विज्ञान शिकवतात. समोरच्या समुद्रातल्या संपत आलेल्या गॅस फील्डमध्ये कारखान्यांचा कार्बन डायऑक्साइड भरून ठेवायची चर्चा त्यांच्या मच्छीमार सोसायटीत चालते. भरलेला वायू खालीच राहिला की वर सरकला, हे सिस्मिक सर्व्हे करून (म्हणजे खाली ध्वनी सोडून, खडकांवरून परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून आतलं चित्र काढून) कळतं, असं तिथे कोणीतरी सांगितलं. ते खरंच कळतं का, आणि कोयनेसारखा भूकंप होईल का, हे त्यांचे दोन प्रश्न.

ताई, पहिल्याचं उत्तर आधी सरळ देतो. रिकाम्या गॅस फील्डच्या आत भरलेला कार्बन डायऑक्साइड (आम्ही बोलताना सीओटू म्हणतो) सिस्मिकने नीट दिसत नाही. बैठकांमध्ये जी रंगीत, ठसठशीत चित्रं दाखवतात ती बहुतेक वेळा वेगळ्याच प्रकारच्या जागेची असतात. तरीही माझं मत असं आहे की सिस्मिक हवंच. फक्त ते कुठल्या थरावर रोखायचं हे आधी कळायला हवं. चोवीस वर्षं मी सिस्मिक डेटाचं प्रोसेसिंग करतोय, त्यातला बराचसा समुद्रातल्या सर्व्हेचा. त्या अनुभवावरून लिहितो.

तुम्ही विज्ञान शिकवता म्हणून एक प्रयोग सांगतो, मुलांनाही दाखवता येईल. काचेचा उभा पेला पाण्याने भरा आणि चमच्याने तळाशी टकटक करत राहा. आवाजाची पट्टी कानात बसली की पाण्यात चमचाभर इनो टाका आणि टकटक चालूच ठेवा. आवाज एकदम बसतो, खोल होतो. मग बुडबुडे निघून जातील तसतसा हळूहळू चढत पुन्हा मूळ पट्टीवर येतो. इनोचे बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचेच असतात. स्वच्छ पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर. त्यात थोडेसे बुडबुडे मिसळले तरी तो कोसळतो. कारण मिश्रणाचं वजन जवळपास तेवढंच राहतं, पण दाबल्यावर ते फार सहज दबतं.

खडकाच्या छिद्रांतही हेच घडतं. छिद्रं खाऱ्या पाण्याने भरलेली असतील आणि त्यात पहिले काही टक्के वायू शिरला, की ध्वनीचा वेग झपकन उतरतो. त्यानंतर वायू कितीही वाढला तरी वेगात फारसा फरक पडत नाही. गासमान या शास्त्रज्ञाने १९५१ साली मांडलेलं समीकरण आम्ही या हिशेबासाठी आजही रोज वापरतो.

नॉर्वेच्या स्लाइप्नर फील्डची चित्रं जगभर दाखवतात, ती याच कारणाने इतकी स्पष्ट आहेत. तिथे १९९६ पासून वर्षाला सुमारे दहा लाख टन सीओटू समुद्रतळाखालच्या उत्सिरा नावाच्या वाळूच्या थरात सोडला गेला. थर मऊ, फार खोल नाही, समुद्रसपाटीपासून ८०० ते १००० मीटर, आणि पूर्ण खाऱ्या पाण्याने भरलेला. म्हणजे स्वच्छ पाण्याच्या पेल्यात इनो. १९९४ चा सर्व्हे आणि १९९९ चा सर्व्हे शेजारी ठेवले तर आमच्या क्षेत्रात नवखा माणूससुद्धा बोट ठेवून सांगेल, इथे आहे.

आता पेल्यात पाण्याऐवजी फेसाळता सोडा घ्या आणि त्यात इनो टाका. आवाज आधीच बसलेला. अजून किती बसणार? संपलेलं गॅस फील्ड म्हणजे हा सोडा. 'संपलेलं' याचा अर्थ छिद्रांत वायू उरला नाही असा नव्हे. विकण्याइतका वर येत नाही, दाब उतरला आहे, पण बराच मिथेन अजून तिथेच आहे. तिथे सीओटू गेला की वायूच्या जागी वायू, एवढाच बदल.

हे नुसतं तर्काचं बोलणं नाही. ऑस्ट्रेलियात ऑटवे इथे नेलर या लहानशा संपलेल्या गॅस फील्डमध्ये २००८-०९ मध्ये सुमारे ६५,००० टन सीओटूयुक्त वायू दोन किलोमीटर खोल सोडला. आधी आणि नंतर सिस्मिक केलं. फील्डच्या आतला बदल गोंगाटातून वेगळा काढता आला नाही. त्याच परिसरात पुढे दीड किलोमीटर खोलीच्या, खाऱ्या पाण्याच्या थरात एकूण १५,००० टन सोडले. तिथे पहिल्या ५,००० टनांनंतरच खूण दिसली. जागा शेजारची, माणसं तीच, यंत्रंही त्याच जातीची. फरक पडला तो आधी छिद्रांत काय होतं याने.

संपलेल्या फील्डमध्ये आणखी एक अडचण असते. वायू भरताना दाब वाढतो. दाब वाढला की खडकाचे कण एकमेकांवर कमी जोराने टेकतात आणि वेग थोडा उतरतो. दुसरीकडे, ३०० बार दाब आणि ९० अंश तापमानाला सीओटूची घनता घनमीटरला साडेसहाशे-सातशे किलो असते, तर मिथेनची दीडशे-एकशे साठ. म्हणजे खडक जड होतो. परावर्तन ठरतं घनता आणि वेग यांच्या गुणाकारावर. एक वाढते, दुसरा उतरतो, आणि गुणाकारात उरतं ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या टक्क्यांचं, कधी त्याहून कमी.

खडक जड होतो हे मात्र दुसऱ्या मार्गाने पकडता येतं, ते गुरुत्वाकर्षण मोजून. दोन किलोमीटर खोल एक कोटी टन वस्तुमान वाढलं, तर बरोबर वरच्या समुद्रतळावर गुरुत्वाकर्षणात सुमारे १७ मायक्रोगॅलचा फरक पडतो (मायक्रोगॅल हे गुरुत्वाकर्षणातला अगदी बारीक फरक मोजायचं एकक). समुद्रतळावर ठेवलेल्या चांगल्या यंत्रांची अचूकता काही मायक्रोगॅलची आहे. स्लाइप्नरला ही मोजणी झालेली आहे. संपलेल्या फील्डसाठी मी तिला सिस्मिकच्या बरोबरीची जागा देईन.

आपल्या समुद्रातल्या खडकांबद्दल थोडं. वसईच्या जुन्या इंग्रजी नावाचं बसीन (Bassein) फील्ड १९७६ साली सापडलं. तिथला वायू मुख्यतः चुनखडीत आहे. चुनखडी कडक असते. तिच्या छिद्रांत काय आहे याचा ध्वनीच्या वेगावर त्यामुळे कमी परिणाम होतो, आणि सीओटू पाण्यात विरघळून झालेलं आम्ल तिला थोडं खातंही. तापीच्या नावाच्या फील्डमध्ये वाळूचे थर आहेत, दमण फॉर्मेशन म्हणतात ते. सिस्मिकच्या दृष्टीने वाळू बरी. 'मुंबईचा समुद्र' असं एकच उत्तर कोणी दिलं, तर कुठलं फील्ड आणि कुठला थर, हे विचारा.

मग सिस्मिक कुठे रोखायचं? टोपीच्या वर. वायू ज्या घट्ट शेलखाली (शेल म्हणजे चिखलापासून बनलेला खडक) लाखो वर्षं अडकून राहिला तिला आम्ही कॅप रॉक म्हणतो. तिच्यावरच्या वाळूच्या थरांत खारं पाणी आहे, म्हणजे स्वच्छ पाण्याचा पेला. तिथे थोडासा सीओटू आला तरी खूण उठून दिसते. फील्डच्या आत आम्ही आंधळे असलो तरी वरच्या मजल्यावर आमची नजर चांगली असते, आणि तुम्हाला भीती आहे ती वायू वरच्या मजल्यावर येण्याचीच. नेलरलाही सिस्मिकने हेच काम केलं: वर काही आलेलं नाही, एवढं खात्रीने सांगितलं.

पण 'वर काही आलेलं नाही' असं म्हणायला आधी वर काय होतं ते माहीत असावं लागतं. आपल्या किनाऱ्यासाठी माझा सगळ्यात मोठा आग्रह इथेच आहे. पश्चिम किनाऱ्याच्या उथळ समुद्रात तळाच्या चिखलात नैसर्गिक वायू जागोजागी भरलेला आहे. कुजणाऱ्या सेंद्रिय गाळातून तो तयार होतो. सर्व्हेच्या चित्रांत हे भाग धुरकट पडद्यासारखे दिसतात, त्यांच्याखालचं काही दिसत नाही. इंजेक्शनच्या, म्हणजे सीओटू खाली भरायच्या, आधी हा वायू कुठे आहे याचा नकाशा केला नाही, तर दहा वर्षांनी दिसलेला प्रत्येक पडदा वादाचा विषय होईल. लोक म्हणतील गळती, कंपनी म्हणेल नैसर्गिक, आणि दोघांकडेही पुरावा नसेल.

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेची गोष्ट मला अशा वेळी आठवते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यामुळे कुलाब्याच्या नोंदी बिघडणार, हे कळल्यावर १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू केली. संचालक होते नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस. त्यांनी कुलाबा लगेच बंद केली नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणून जुनी आणि नवी मालिका आज जोडता येते. गडबड सुरू व्हायच्या आधी शांततेत मोजून ठेवणं, यालाच आम्ही बेसलाइन म्हणतो. ती नंतर कितीही पैसे टाकले तरी मिळत नाही.

बेसलाइन आणि नंतरचा सर्व्हे यांची वजाबाकी करणं ऐकायला सोपं वाटतं. ती किती नाजूक असते ते माझ्या अनुभवातून सांगतो. एका गॅस फील्डमध्ये पाणी कुठवर शिरलं ते बघण्यासाठी पहिल्यानंतर सात वर्षांनी दुसरा सर्व्हे झाला होता. वजाबाकीचं चित्र स्क्रीनवर आलं आणि थराच्या जागी लाल-निळा सुरेख पट्टा. खोलीतले सगळे खूश. मी सवयीने चित्र वर सरकवत समुद्रतळापर्यंत नेलं. तिथेही तोच पट्टा होता. समुद्रतळ तर त्या सात वर्षांत बदलला नव्हता! दोन दिवस शोधल्यावर सापडलं: दुसऱ्या सर्व्हेत भरतीची दुरुस्ती उलट्या चिन्हाने लागली होती. भरती दोन मीटर होती तिथे वजा करायच्या ऐवजी मिळवली गेली, म्हणजे चूक चार मीटरची. ध्वनी खाली जाऊन परत येतो, त्यामुळे चार मीटरची चूक म्हणजे पाच मिलिसेकंदांहून जास्त. आणि आम्ही शोधत होतो तो बदल एका मिलिसेकंदाच्या आतला होता.

तुमच्या किनाऱ्यावर हे कोणाला समजावून सांगायला नको. मुंबईला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत साडेचार मीटरपर्यंत फरक पडतो, आणि उत्तरेला खंभातच्या आखाताकडे तो वाढत जातो. भांगाच्या आणि उधाणाच्या पाण्यात केलेले दोन सर्व्हे तसेच वजा केले तर जमिनीखालचं नव्हे, समुद्राचंच चित्र हाती येईल. शिवाय पाण्याची ओढ. सर्व्हेचं जहाज मागे सहा-सहा किलोमीटर लांब केबल ओढतं, तिला स्ट्रीमर म्हणतात. ओढीने ती दहा अंश तिरपी झाली तर तिचं शेपूट किलोमीटरभर बाजूला जातं. दोन सर्व्हेत केबल एकाच जागी राहिली नाही, तर वजाबाकीत त्याचाही गोंगाट येतो. म्हणून अशा कामाला समुद्रतळावर ठेवायचे नोड, म्हणजे ध्वनी टिपणारी सुटी यंत्रं, हवेत. ठरलेल्या जागी ठेवता येतात आणि पुढच्या वेळी त्याच जागी परत ठेवता येतात.

गळतीची सगळ्यात शक्य वाट मात्र सिस्मिकला दिसतच नाही: जुन्या विहिरी. कॅप रॉकने वायू लाखो वर्षं धरून ठेवला. तिला भोकं आपण पाडली. विहिरीची पोलादी नळी (केसिंग) आणि खडक यांच्यामधलं सिमेंट कुठे सुटलं असेल तर ती फट बोटाएवढीही नसते. ती सिस्मिकच्या चित्रात कधीच येणार नाही. त्यासाठी प्रत्येक विहिरीच्या सिमेंटची तपासणी, विहिरीत तापमान आणि आवाज टिपणारी ऑप्टिकल फायबर, आणि समुद्रतळावर सोनार लागतो. फील्डवर किती विहिरी पाडल्या, कधी बंद केल्या आणि कशा, याची यादी मागा.

सोनारबद्दल तुमच्या लोकांना माझ्याइतकंच कळतं. बोटीवरच्या फिश फाइंडरमध्ये बुडबुड्यांची रांग तळापासून उभ्या धाग्यासारखी दिसते, माशांच्या थव्यापेक्षा अगदी वेगळी. सीओटूचे बुडबुडे पाण्यात लवकर विरघळतात, त्यामुळे खोल पाण्यात ते पृष्ठभागापर्यंत येणारच नाहीत. धागा दिसला तरी तळाजवळच, छोटासा. स्कॉटलंडमध्ये ओबानजवळच्या उपसागरात २०१२ साली मुद्दाम ३७ दिवस मिळून ४.२ टन सीओटू तळाखालून सोडून हे सगळं अभ्यासलं. तिथे पाण्यातल्या मायक्रोफोनने बुडबुड्यांचा आवाजही टिपला होता. तुमच्या बोटींना आज असे धागे कुठे कुठे दिसतात याची नोंदवही सोसायटीने आत्तापासून ठेवली, तर ती स्वतःच एक बेसलाइन होईल. जागा, तारीख, खोली, आणि स्क्रीनचा फोटो. मी हे अगदी मनापासून सुचवतोय.

आता भूकंप. कोयनेचं धरण १९६२ च्या सुमाराला भरायला लागलं आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. घाटाखाली चिपळूणपर्यंत लोक आजही त्या पहाटेबद्दल बोलतात. तिथे पाण्याचं वजन आणि भेगांतून खोल झिरपणारा दाब यांनी आधीच ताणलेला फॉल्ट, म्हणजे खडकातला जुना तडा, सरकला. संपलेल्या गॅस फील्डमध्ये परिस्थिती वेगळी असते, कारण तिथला दाब आधी माणसाने उतरवलेला असतो आणि आपण तो मूळच्या पातळीकडे परत नेतो. मूळ दाबाच्या वर न जाणं हा पहिला नियम. हा नियम पाळला म्हणजे धोका शून्य, असं मी म्हणणार नाही. दाब उतरवतानासुद्धा खडक दबतो आणि फॉल्टवर ताण येतो. नेदरलँड्सच्या ग्रोनिंगेनला फक्त वायू काढल्यामुळे भूकंप झाले, २०१२ मधला सर्वांत मोठा ३.६ चा. स्पेनच्या किनाऱ्याजवळ कास्टोर इथे २०१३ साली जुन्या तेलक्षेत्रात नैसर्गिक वायू साठवायला घेतल्यावर शेकडो धक्के बसले, मोठे ४ च्या थोडे वर, आणि प्रकल्प बंद पडला. दाब काढून परत भरला की खडक जसाच्या तसा मूळ स्थितीला येतो, असं नाही. त्यात थंड सीओटू विहिरीच्या आसपासचा गरम खडक आकुंचित करतो, तिथे बारीक भेगा पडू शकतात.

म्हणून फील्डवर सतत कान लावून बसणारी यंत्रं हवीत. शून्याच्या आसपासच्या तीव्रतेचे धक्के माणसाला जाणवत नाहीत, किनाऱ्यावरच्या भूकंपमापन केंद्रालाही शंभर-दीडशे किलोमीटरवरून ऐकू येत नाहीत. ते विहिरीतल्या जिओफोनला (जमिनीची कंपनं टिपणाऱ्या यंत्राला) किंवा तळावरच्या यंत्रालाच कळतात. अल्जीरियात इन सालाह इथे २००४ ते २०११ मध्ये ३८ लाख टन भरले. तिथे उपग्रहाने जमीन वर्षाला काही मिलिमीटर उचललेली दाखवली, जिओफोनने बारीक धक्के टिपले, आणि कॅप रॉकची काळजी वाटून इंजेक्शन थांबवलं. समुद्रावर उपग्रहाची ती सोय नाही, त्यामुळे आपल्याकडे तळावरच्या यंत्रांवरच जास्त भिस्त राहील.

तुमच्या जिल्ह्यात याचं महत्त्व दुप्पट आहे. धुंदलवाडी, डहाणू, तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची जी मालिका सुरू झाली, ती तुम्ही अनुभवलेली आहे. हजारो बारीक धक्के, मोठे ४ च्या थोडे वर. थंडीत लोक घराबाहेर तंबूत झोपत होते. तिथे कोणी समुद्रात काही भरत नव्हतं. उद्या भरायला लागले आणि धुंदलवाडी पुन्हा हलली, तर पहिला प्रश्न हाच येईल. उत्तर द्यायचं तर धक्क्याची जागा आणि खोली नेमकी काढावी लागेल, फील्डखालची की जमिनीखालची. ती काढायला इंजेक्शनच्या किमान एक-दोन वर्षं आधीपासून समुद्रतळावर आणि किनाऱ्यावर दोन्हीकडे यंत्रं चालू असायला हवीत. किती तीव्रतेला पंपाचा वेग कमी करायचा आणि कितीला पूर्ण थांबवायचा, हे आकडे लेखी आणि आधी जाहीर झालेले असावेत. थांबवायचा अधिकार कोणाकडे, तेही.

राहिला सर्व्हेचाच त्रास. तुम्ही तो विचारला नाहीत, पण तुमच्या घरात त्याची झळ बसलेली असणार. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, डेटा खराब येतो, म्हणून सर्व्हेवाल्यांना दिवाळीपासून मेपर्यंतचा काळ हवा असतो. तोच तुमचा हंगाम. एअरगनच्या, म्हणजे सर्व्हेचं जहाज ध्वनी सोडायला वापरतं त्या हवेच्या तोफेच्या, आवाजाने मासा हलतो हे मोजलेलं आहे: बॅरेंट्स समुद्रात १९९२ साली कॉड आणि हॅडॉक या माशांची ट्रॉलची पकड सरासरी निम्म्याने घटली होती, आणि एअरगन थांबल्यावर पाच दिवसांतही पूर्ववत झाली नव्हती. साठवणुकीत हा सर्व्हे एकदाच होत नाही, काही वर्षांनी पुन्हा पुन्हा होतो. त्यामुळे भरपाईची बोलणी एका हंगामाची न करता संपूर्ण वेळापत्रकाची करा. नोड वापरले तर जहाजामागे सहा किलोमीटरची केबल नसते, जाळी तुटण्याचं प्रमाण कमी होतं. पण नोड तळावर असतील तेवढे आठवडे त्या पट्ट्यात ट्रॉलिंग बंद ठेवावं लागेल. डोल जाळ्यांचे खुंट कुठे आहेत त्याचा नकाशा सोसायटीनेच काढून द्यावा, सर्व्हेच्या रेषा आखायच्या आधी. एकदा रेषा ठरल्या की बेसलाइनशी जुळवण्यासाठी पुढची वीस-तीस वर्षं त्याच रेषांवर यावं लागतं, मग कोणी त्या हलवत नाही.